व्हर्ला स्टकीची टाकी गळत नव्हती

एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी डेरिक पोल सतरा नंबरच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा व्हर्ला स्टकी स्वयंपाकाच्या ओट्याशी पावासारख्या मऊ बिस्किटांवर गरम ग्रेव्ही ओतत होती. तिनं मागं वळून पाहिलं, पण चमचा खाली ठेवला नाही.

"मिसेस स्टकी, तपासणी आहे."

"दहाला होती. आता पावणेदहा झालेत. जेवते आणि मग येते."

डेरिक बाहेर उन्हात पंधरा मिनिटं थांबला. पार्कच्या नव्या मालकांनी त्याला जानेवारीत व्यवस्थापक म्हणून आणलं होतं. वय असेल तीस-बत्तीस, इस्त्रीचा शर्ट, हातात क्लिप लावलेली पाटी. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातलं ते ट्रेलर पार्क म्हातारा व्हिटलो वीस वर्षं चालवत होता, आणि त्याच्या काळात तपासणी म्हणजे काय ते कुणाला माहीत नव्हतं. व्हिटलो गेला, मुलांनी जागा विकली, आणि फेब्रुवारीत प्रत्येकाच्या दारावर एक कागद चिकटला. दहा वर्षांहून जुन्या प्रत्येक ट्रेलरची पाहणी होईल. नापास झाला तर तीन दिवसांची मुदत. त्यातही जमलं नाही तर जागा खाली करायची.

व्हर्लाचा ट्रेलर सत्याऐंशी सालचा होता. बाहेरून त्याचा पत्रा उन्हानं पांढुरका पडलेला, पण आत एक कपाटसुद्धा करकरत नसे. चौदा वर्षं ती त्यात एकटी राहत होती.

"बाहेरचा नळ बंद करतो," जेवण आटोपून ती पायरी उतरली तेव्हा डेरिक म्हणाला. "पार्कचं पाणी कधी तुटलं तर ट्रेलरनं आपल्या टाकीवर दोन दिवस काढले पाहिजेत, असा नियम आहे. पंप चालू करा."

व्हर्लानं आत जाऊन बटण दाबलं. पलंगाखाली पंप घरघरला. बेसिनचा नळ दोनदा थुंकल्यासारखा खाकरला आणि गप्प झाला. पंप मात्र घरघरतच राहिला. एक मिनिट झालं, दोन झाली. पाण्याचा थेंब नाही.

डेरिकनं कागदावर काहीतरी लिहिलं. मग तो वाकून ट्रेलरखाली पाहू लागला. खडीवर हातभर ओल होती आणि तिच्यावर हिरवं गवत उगवलं होतं. त्या कोरड्या ठणठणीत जागी ते गवत उठून दिसत होतं.

"टाकी गळतेय. पंप गेलाय." त्यानं दोन खुणा केल्या. "शुक्रवारी दुपारी बारापर्यंत वेळ आहे. नाहीतर..."

"नाहीतर काय ते मला वाचता येतं."

"हे बघा बाई, माझं काही वैर नाहीये. पण या जुन्या ट्रेलरांचं असंच होतं. शेवटी त्याला चाकं आहेत, कुठंही नेता येतो."

"माझ्या घराला चाकं आहेत म्हणून कुणीही यावं आणि मला ढकलावं, असं कुठं लिहिलंय? तुझ्या कागदावर आहे का बघ."

डेरिक पुढच्या दाराकडे निघाला. त्याच्या यादीत अजून बरेच नंबर होते.

व्हर्ला कॅन्ससच्या पश्चिमेकडची. बापाच्या चाळीस गाई होत्या, आणि दूध यंत्रानं काढत. ते यंत्र हवेच्या ओढीवर चालतं. कुठंतरी बारीक फट पडली आणि बाहेरची हवा आत शिरली, की ओढ जाते, गाई अस्वस्थ होतात आणि दूध खाली येत नाही. तिच्या थोरल्या भावाला ती फट कधी सापडत नसे. अकरा वर्षांची व्हर्ला नळीला कान लावून चालत जायची आणि बोट ठेवायची, "इथून हवा चोरते." बापाला ते आवडत नव्हतं. यंत्राचं काम पोरीनं करू नये असं तो म्हणे, आणि यंत्र अडलं की तिलाच हाक मारे.

पुढं लग्न होऊन ती ड्वाइट स्टकीच्या गोठ्यावर आली. तिथं साठ गाई. एकदा दुरुस्तीवाला आला आणि दारात तिला पाहून म्हणाला, "घरात पुरुषमाणूस आहे का?" ती म्हणाली, "आहे, झोपलाय. तुम्ही तो पाना इकडे द्या." हा किस्सा ड्वाइट मरेपर्यंत लोकांना सांगत असे, आणि सांगताना स्वतःच हसून हसून बेजार होई.

ड्वाइट गेला. दोन वर्षांनी दुधाच्या कंपनीनं लहान गोठ्यांकडे टँकर पाठवणं बंद केलं. गाईंचा लिलाव झाला, यंत्रांचा झाला. लिलावाच्या दिवशी तिनं धुण्याच्या पाइपावरचं दाब मोजायचं पितळी घड्याळ पान्यानं सोडवलं आणि एप्रनच्या खिशात टाकलं. खरेदी करणारा म्हणाला, ते सामानात धरलंय. ती म्हणाली, "मग पोलिसांना बोलवा." त्यानं बोलावलं नाही. टोपेकाला तिची बहीण नडीन राहते. ती म्हणाली, माझ्याकडे ये, वरची खोली रिकामीच आहे. व्हर्लानं शेजारच्या एका विधवेकडून हा ट्रेलर घेतला, जुन्या पिकअपला जोडला आणि दक्षिणेला निघाली. वरची खोली तिला बघायचीसुद्धा नव्हती.

तपासणीनंतर तिनं आधी गावातल्या ट्रेलर दुरुस्तीवाल्याला फोन केला. "सत्याऐंशी सालचा?" तो म्हणाला. "बाई, पंप बदला, टाकी बदला, पाइपही बदलून टाका. तीन आठवड्यांनी येतो." व्हर्लानं फोन ठेवला, चष्मा पुसला आणि पलंगाची फळी उचलली.

दुपारी चेला इबारा कामावरून परतली, तेव्हा व्हर्लाचे फक्त पाय दिसत होते. बाकीची ती पलंगाखाली पालथी पडली होती. चेला एकवीस नंबरला राहत असे आणि महामार्गावरच्या हॉटेलात सकाळपाळीला स्वयंपाक करी. तिच्या हातात फॉइलमध्ये गुंडाळलेल्या तोर्तियाच्या पोळ्या आणि डबाभर राजम्याचे फ्रिहोलेस होते.

"अगं, जिवंत आहेस का?"

"बादली दे ती. पाण्यानं भरून दे."

"नापास केलं ना तुलाही? मलाही केलंय. म्हणे टाकी गळते. माझ्या ट्रेलरखाली नुसता चिखल झालाय."

"बादली, चेला."

बादली आली. व्हर्लानं टाकीतून पंपाकडे येणारी नळी पंपाच्या तोंडापासून सोडवली, दुसरा एक तुकडा लावला आणि त्याचं टोक बादलीत बुडवलं. बटण दाबलं. पंपानं दोन गचके दिले आणि अर्धी बादली गटागटा ओढून घेतली. बेसिनच्या नळातून पाणी धो धो यायला लागलं.

"चालतोय की!" चेला म्हणाली.

"चालणारच. पंपाला काहीही झालेलं नाही. त्याला टाकीतून पाणी पोचत नाही, आणि मधून हवा मिळतेय. हवा सोपी असते, म्हणून तो हवाच पितो."

टाकी आणि पंप यांच्यामध्ये मुठीएवढी गाळणी असते, बरणीसारखी फिरवून उघडायची. व्हर्लानं ती उघडली. आतली जाळी वाळूनं बुजली होती. बारीक, तांबूस वाळू, मधे मधे गंजाचे पापुद्रे. झाकणाचा रबरी वॉशर सुकून लाकडासारखा कडक झालेला, आणि एका जागी तडकलेला. तिनं ओट्याखालून दूधयंत्राच्या जुन्या वॉशरांचा डबा काढला. चार लावून पाहिले, पाचवा नेमका बसला. बोटभर ग्रीस लावून तिनं गाळणी आवळली आणि नळी परत जोडली. पंपानं पहिले काही क्षण खोकला काढला, मग आवाज बदलला, जड झाला, आणि टाकीतलं पाणी सरळ धारेनं आलं. नळ बंद केल्यावर पंप आपोआप थांबला.

चेलानं टाळ्या वाजवल्या. व्हर्ला मात्र जाळीतली वाळू बोटांत चोळत बसली.

"काय झालं आता?"

"मी टाकीत गेल्या वर्षी पावसाळ्यात पाणी भरलं होतं. व्हिटलोचं पाणी, स्वच्छ. त्यानंतर भरलेलंच नाही, बाहेरच्या नळावरच चालतंय सगळं. मग ही वाळू कुठून आली? आणि ही टाकी बघ." तिनं टाकीच्या अंगावर बोटांनी टकटक केलं. खालपासून वरपर्यंत एकच मठ्ठ आवाज आला. "गळ्यापर्यंत भरलीय. तो म्हणतो गळतेय. वर्षभर गळणारी टाकी अशी भरलेली राहील का?"

त्या संध्याकाळी तिनं अर्धी टाकी सोडून दिली, बाहेरच्या नळाची नळी काढून ठेवली आणि टाकीच्या धुरकट प्लास्टिकवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीनं रेघ मारली. बुधवारी सकाळी उठल्याबरोबर पाहिलं. पाणी रेघेवरच होतं. थेंबसुद्धा कमी झालेलं नव्हतं. मग तिनं बाहेरची नळी जोडली, पार्कचा नळ पूर्ण उघडला आणि आतले सगळे नळ घट्ट बंद करून कॉफी प्यायला बसली. कुणी काही वापरलं नाही, कुणी टाकी भरली नाही. दुपारपर्यंत पाणी रेघेच्या चार बोटं वर चढलं होतं.

पंपाच्या पोटात रबराची एक पडदी असते. पुढं गेलेलं पाणी मागं येऊ नये म्हणून. बाहेरच्या नळाचं पाणी तीच अडवते. व्हर्लानं पंपाचं डोकं उघडलं, तर त्या पडदीत वाळूचे कण रुतून बसले होते आणि तिची कड वाकली होती. पार्कचं पाणी उलट्या वाटेनं टाकीत शिरत होतं, टाकी भरून वरच्या हवेच्या नळीतून सांडत होतं, आणि खाली गवत उगवत होतं.

तिनं पितळी घड्याळ काढलं. पार्कच्या नळाला ते लावून चावी फिरवली. काटा साठावर थांबायला हवा होता. तो शंभराच्या पुढं जाऊन थरथरत राहिला.

तसंच घड्याळ घेऊन ती चेलाच्या नळाकडे गेली. तिथंही शंभराच्या पुढं. मग एकोणिसाव्या जागेवर. ती जागा रिकामी होती. तिथं सहा दिवसांपूर्वीपर्यंत हार्लन टिब्सचा ट्रेलर होता. चाळीस वर्षं ट्रक चालवलेला, फुप्फुसं थकलेला हार्लन. 'टाकी गळते' असा शेरा त्याच्याही कागदावर होता. त्यानं भांडण केलं नाही. ट्रेलर भंगारवाल्याला देऊन टाकला आणि मुलीकडे नेवाडाला गेला. जाताना म्हणाला होता, "माझं वय आता टाकी दुरुस्त करायचं नाही, व्हर्ला." त्याच्या नळालाही काटा तेवढाच चढला. व्हर्ला त्या खडीवर उभी राहून कितीतरी वेळ काट्याकडे पाहत होती.

फाटकाजवळ मुख्य पाइपाची पेटी होती. व्हिटलोनं तिथं दाब कमी करणारा पितळी व्हॉल्व्ह बसवला होता, तो दर वर्षी ती पेटी उघडून पुसायचा म्हणून व्हर्लाला पक्कं ठाऊक होतं. आता तिथं एक कोरा करकरीत सरळ पाइप होता. त्याच पाइपाला फांदी काढून नवीन पोहण्याच्या तलावाकडे नेली होती. मोठ्या नव्या मोटारहोमवाल्यांसाठी मार्चमध्ये बांधलेला तलाव. खोदताना पाइपात वाळू शिरली होती, आणि तलाव लवकर भरावा म्हणून मधला व्हॉल्व्ह काढून टाकला होता.

ती थेट कचेरीत गेली.

"तुमच्या पाण्याचा दाब शंभराच्या वर आहे. त्यानं आमच्या पंपांतल्या पडद्या वाकल्यात. टाक्या गळत नाहीत, भरून सांडतायत. तुमच्याच पाण्यानं."

डेरिकनं संगणकावरून मान वर केली. "पाइपाचं काम कंपनीनं केलंय. त्यातलं मला काही माहीत नाही. तुमच्या ट्रेलरखाली ओल आहे, एवढं मला माहीत आहे."

"मग लिहून दे. मी सांगितलं आणि तू ऐकलं नाहीस, असं लिहून सही कर."

"तसं काही करता येत नाही."

"ठीक आहे. शुक्रवारी बारा वाजता येशील ना? मी घरीच आहे."

गुरुवारी सकाळी तिनं आधी आपली पडदी धुऊन उलटी लावली; बाकीचा दिवस पायावर गेला. नापास झालेले आणखी पाच ट्रेलर होते. चेलानं सुट्टी टाकली, हार्डवेअरच्या दुकानातून प्रत्येकाच्या नळाला लावायला दाब कमी करणारी छोटी पितळी डोकी आणली, आणि दोघी एकेका दारात जाऊ लागल्या. प्रत्येक ठिकाणी तेच होतं. वाळू, वाकलेली पडदी, काठोकाठ भरलेली टाकी. एका ठिकाणी पडदी बदलावी लागली, बाकीच्या धुऊन, उलटून लावल्यावर बसल्या. तेवीस नंबरचा म्हातारा दारात आडवा उभा राहिला.

"तुला जमेल का हे? नाहीतर उगाच मोडून ठेवशील."

"मोडलेलंच आहे, मी आणखी काय मोडणार? सरका."

सरकला, आणि नंतर टॉर्च धरून तासभर तिच्यामागे उभा राहिला. दर दोन मिनिटांनी विचारायचा, "सापडलं का?" शेवटी चेलानं त्याला खुर्ची दिली आणि तोंडात एक तोर्तिया कोंबली.

काम करता करता चेलानं तालुक्याच्या पाणीखात्यालाही फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, सोमवारी माणूस पाठवते.

शुक्रवारी पावणेबाराला डेरिक आला, तेव्हा सतरा नंबरपुढे नऊ-दहा माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसली होती. कुणाच्या हातात बर्फाचा चहा होता, कुणी टोपीनं वारा घेत होतं. डेरिकनं इकडेतिकडे पाहिलं.

"एवढी गर्दी कशाला?"

"सगळ्यांची तपासणी आहे ना," व्हर्ला म्हणाली. "कर सुरू. माझ्यापासून."

तिनं पार्कचा नळ बंद केला आणि पंपाचं बटण दाबलं. बेसिनमध्ये धार लागली. मोरीत, संडासात, सगळीकडे पाणी. बंद केल्यावर पंप थांबला आणि थांबलेलाच राहिला. मग तिनं त्याला ट्रेलरखाली वाकायला लावलं. खडी कोरडी होती, गवत पिवळं पडायला लागलं होतं.

डेरिक पाटीवर पेन टेकवून थांबला.

"लिही," व्हर्ला म्हणाली.

"मिसेस स्टकी, खरं सांगू का?" त्यानं आवाज खाली केला. "आज लिहीन मी. पण कंपनीला इथं जुने ट्रेलर नको आहेत. पाणी नाही तर दुसरं काहीतरी काढतील. छप्पर काढतील, वायरिंग काढतील. तुम्ही किती दिवस भांडणार?"

"मी अडुसष्ट वर्षांची आहे. एवढी वर्षं मी दुसरं काय केलंय असं वाटतं तुला?" तिनं आवाज मुळीच खाली केला नाही. "छप्पर काढू देत. मी शिडी लावीन. वायरिंग काढू देत. तेही मला येतं. जे येत नाही ते शिकेन. पण तुझ्या कंपनीनं आधी आमचं मोडायचं, आणि मग मोडलं म्हणून आम्हालाच हाकलायचं, हे मी चालू देणार नाही. हे तू त्यांना सांग. माझं नाव घालून सांग. स्टकी. शेवटी दीर्घ ई."

खुर्च्यांमधून कुणीतरी शिट्टी मारली. तेवीस नंबरचा म्हातारा ओरडला, "माझाही पंप बघ आता, चालतोय!"

डेरिकनं लिहिलं. मग सहाच्या सहा ट्रेलर पाहिले आणि सहाही कागदांवर 'पास' लिहिलं. उन्हानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. शेवटच्या दारात चेलानं त्याला थंड पाण्याचा पेला दिला. तो त्यानं एका दमात रिकामा केला.

तो जायला निघाला तर व्हर्ला त्याच्या छोट्या गाडीसमोर उभी.

"अजून एक राहिलाय. एकोणीस नंबर."

"तिथं कुणी नाहीये."

"कागद आहे ना? हार्लन टिब्स. त्याच्यावर तू 'टाकी गळते' असं लिहिलंयस. ते खोटं आहे. त्याच्या नळाचा काटा मी पाहिलाय, तूही बघ, चल. आणि मग शेरा बदल."

"बाई, तो गेलाय. ट्रेलर भंगारात गेला. आता शेरा बदलून काय होणार?"

"त्याला वाटतंय, त्याच्या हातून टाकी बिघडली. म्हातारा झालो म्हणून लक्ष राहिलं नाही, असं मला म्हणत होता फोनवर. बदल."

ती गाडीसमोरून हलली नाही. डेरिक उतरला. एकोणिसाव्या जागेवर जाऊन त्यानं नळाला लावलेलं घड्याळ पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पाटीवरचे कागद उलटत हार्लनचा कागद काढला, जुना शेरा खोडला आणि बाजूला लिहिलं की टाकीत दोष नव्हता, पार्कच्या पाण्याचा दाब जास्त होता. सही केली आणि न मागता तारीखही घातली. त्याची एक प्रत व्हर्लानं कचेरीतल्या यंत्रावर काढून घेतली आणि त्याच दुपारी हार्लनच्या नावानं टपालात टाकली.

सोमवारी पाणीखात्याचा माणूस आला, त्यानं आपलं घड्याळ लावलं, आणि बुधवारपर्यंत फाटकाजवळच्या पेटीत नवा व्हॉल्व्ह बसला. तलाव आता चार दिवस घेऊन भरतो. डेरिक ऑगस्टमध्ये नोकरी सोडून गेला. कंपनीनं दुसरा माणूस पाठवला, आणि त्यानं ऑक्टोबरमध्ये दारांवर दुसरा कागद चिकटवला. हा छपरांबद्दल होता. व्हर्ला तेव्हापासून रोज सकाळी ऊन चढायच्या आत शिडीवर असते.

त्या एप्रिलमध्येच, शेऱ्याचा कागद टपालात टाकल्यावर दहा-बारा दिवसांनी नेवाडाहून हार्लनचा फोन आला. धाप लागल्यामुळे तो मधे मधे थांबत बोलत होता. मुलीनं त्याला गॅरेजशेजारची खोली दिली होती. खोली चांगली होती, म्हणाला, फक्त खिडकी भिंतीकडे उघडते.

"कागद मिळाला," तो म्हणाला. "फ्रिजवर लावलाय, चुंबकानं."

"मुलीनं वाचला का?"

"वाचला. जावयानंही वाचला." मग तो म्हणाला, "मी टाकीकडे नीट पाहायचो, व्हर्ला."

"मला माहीत आहे. दर महिन्याला पाहायचास."

"दर महिन्याला," हार्लन म्हणाला.